नालीदार पत्र्यावरचे स्टिकर का सुटते: एक छोटा हत्ती, एक इको आणि एकच रोल

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांचा सांगलीजवळ मसाले आणि पापड यांचा व्यवसाय आहे व मालवाहतुकीला दोन गाड्या आहेत. एक मारुती इको आणि दुसरी टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. छोट्या हत्तीवर त्यांनी गावातल्या फॅब्रिकेटरकडून नालीदार जीआय पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली, रंग दिल्यावर आठवडाभरात ती स्टिकरच्या दुकानात नेली आणि फेब्रुवारीत दोन्ही गाड्यांना एकाच रोलमधले छापील व्हिनाइल लावून घेतले. मे संपता संपता इकोवरचे स्टिकर जसेच्या तसे आहे. छोट्या हत्तीवरचे मात्र खाचांमध्ये तंबूसारखे ताणून उभे राहिले आहे, रिव्हेटच्या डोक्यांभोवती पांढुरकी कडी दिसू लागली आहेत आणि खालची कड बोटभर उचलली आहे. दुकानदार रंगाला दोष देतो आणि फॅब्रिकेटर स्टिकरला. त्यांचे प्रश्न दोन आहेत: व्हिनाइल कोणत्या कंपनीचे घ्यावे, आणि तोपर्यंत उचललेला भाग फेविक्विकने किंवा पंक्चरवाल्याकडच्या सोल्यूशनने चिकटवला तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे: चालणार नाही. फेविक्विक कडक होऊन तडकते आणि पुढे स्टिकर काढताना रंगासकट निघते. पंक्चरच्या सोल्यूशनमधील द्रावकाने व्हिनाइल फुगते आणि छपाई पसरते. उचललेला भाग सध्या तसाच राहू द्या किंवा धारदार ब्लेडने, पत्र्याला ओरखडा न पाडता, तेवढाच कापून टाका.

पहिला प्रश्न मला थोडा बदलून घ्यावा लागेल. मी भोसरीत गेली १९ वर्षे गाड्यांवर ग्राफिक्स लावण्याचे काम करतो, आणि कंपनीचे नाव बदलल्याने वाचलेली कामे मला फारशी आठवत नाहीत. त्याच कंपनीचा योग्य प्रकार निवडल्याने वाचलेली कामे मात्र पुष्कळ आठवतात. आपल्याकडे तर नकळत एक प्रयोगच झाला आहे. रोल एक, माणूस एक, दिवस एक. फरक केवळ पृष्ठभागाचा आहे. म्हणून खरा प्रश्न असा की सपाट पत्र्यावर टिकलेली फिल्म नालीदार, रिव्हेट मारलेल्या आणि ताज्या रंगाच्या पत्र्यावर का टिकली नाही. याची कारणे निदान तीन असू शकतात, ती एकत्रही असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आपण पाठवलेल्या वर्णनावरून मला एका कारणाची जवळजवळ खात्री आहे आणि दुसऱ्याचा संशय आहे, पण खात्री करून घेणे आपल्याच हातात आहे.

त्यासाठी सुटलेल्या स्टिकरची मागची बाजू पाहावी लागते. दुकानदाराशी वाद घालण्यापूर्वी तीन ठिकाणचे तुकडे कापून घ्या: एक खाचेतला, एक रिव्हेटजवळचा, एक खालच्या कडेचा. ते उन्हात नीट पाहा. गोंदाची बाजू स्वच्छ असेल, बोटाला अजून चिकटत असेल आणि पत्राही स्वच्छ असेल, तर गोंद निर्दोष आहे. फिल्म ताणलेली होती आणि ती आपल्या मूळ आकाराकडे परत गेली. गोंदावर धुळीचा, तेलकट किंवा करडा थर असेल तर पत्रा नीट पुसलेला नव्हता. गोंदावर रंगाचे पापुद्रे आलेले असतील तर स्टिकरने आपले काम चोख केले, रंगानेच पत्रा सोडला. आणि स्टिकरच्या भोवताली पत्र्यावर एक-दोन मिलिमीटर रुंदीची काळपट, चिकट रेघ दिसत असेल, तर फिल्म चोहोबाजूंनी आकसली आहे. मागे उरलेल्या गोंदावर धूळ बसून ती रेघ काळी होते. इकोवरही कडेने बारकाईने पाहा. तिथे तशी रेघ सापडली तर आपल्याला कोणत्या जातीचे व्हिनाइल दिले गेले याचा अंदाज बिल न पाहताही येईल.

आता फिल्म मूळ आकाराकडे का जाते ते सांगतो, कारण साऱ्या प्रकरणाचे मूळ तिथे आहे. बाजारात ज्याला सरसकट व्हिनाइल म्हणतात त्याच्या मुख्य जाती दोन: कॅलेंडर्ड आणि कास्ट. कॅलेंडर्ड फिल्म तयार होताना गरम पीव्हीसी मोठ्या रुळांमधून दाबून, ओढून पातळ करतात. पोळी लाटताना कणीक जशी मागे सरकायला बघते, तसा तो ताण फिल्ममध्ये कायम राहतो. उन्हाने पत्रा तापला की फिल्मला तो ताण आठवतो आणि ती आकसते. कास्ट फिल्ममध्ये द्रवरूप मिश्रण कागदावर ओतून भट्टीत सुकवतात, त्यामुळे तिला मुळात कोणी ओढलेलेच नसते. ती पातळ असते, साधारण ५० मायक्रॉन, तर कॅलेंडर्ड ७० ते १०० मायक्रॉनच्या आसपास. जाड म्हणजे मजबूत हा समज इथे अगदी उलटा पडतो. पातळ आणि ताण नसलेली फिल्म खाचेत बसते आणि तिथेच राहते. कॅलेंडर्डमध्ये पुन्हा मोनोमेरिक आणि पॉलिमेरिक असे दोन प्रकार येतात. फिल्म मऊ राहावी म्हणून घातलेला पदार्थ मोनोमेरिकमध्ये लहान रेणूंचा असल्याने हळूहळू बाहेर पडतो, फिल्म कडक होते आणि आकसते. पॉलिमेरिकमध्ये तो लांब साखळ्यांचा असल्याने बराच काळ आत टिकतो. दुकानात केवळ ‘चांगल्या कंपनीचे’ असे सांगून दिले जाणारे व्हिनाइल बहुतेक वेळा मोनोमेरिक असते. ते वाईट नसते. दुकानाच्या काचेवर, सपाट बोर्डावर, वर्ष-दोन वर्षांच्या जाहिरातीसाठी ते योग्यच असते. आपल्या इकोच्या सपाट दरवाजावर ते टिकले याचे कारण हेच.

छोट्या हत्तीच्या खाचांमध्ये लावणाऱ्याने ते हीट गनने मऊ करून बोटाने आत दाबले असणार. त्या क्षणी ते सुंदर बसते, गाडी दुकानातून निघते, पैसे चुकते होतात. मग एप्रिल येतो. भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा, विशेषतः गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. त्या उष्णतेने गोंद मऊ होतो आणि फिल्म आकसू पाहते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि फिल्म खाचेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत ताणली जाते. आपण ज्याला तंबू म्हटले तो हाच. रिव्हेटभोवतीची पांढरी कडीही त्याच घराण्यातली आहेत. तिथे फिल्म डोक्याच्या उतारावर टेकलेलीच नाही, खाली हवा आहे.

म्हणून नालीदार किंवा रिव्हेटच्या बॉडीवर संपूर्ण झाकणारे ग्राफिक्स हवे असेल तर माझे उत्तर कास्ट फिल्म आणि तिच्यावर कास्ट लॅमिनेशन, एवढेच आहे. कास्टवर साधे कॅलेंडर्ड लॅमिनेशन चढवणे हा पैसे वाचवण्याचा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. वरचा थर आकसतो आणि खालच्या चांगल्या फिल्मलाही सोबत ओढून नेतो. खर्चाचे म्हणाल तर माझ्याकडे कास्टचे काम साध्या व्हिनाइलच्या तिप्पट-चौपट पडते, त्यात मजुरीचाही वाटा मोठा असतो, आणि पापडाच्या दोन गाड्यांच्या धंद्याला तो खर्च झेपतो की नाही हे मी ठरवू शकत नाही. ते परवडत नसेल तर त्याहून स्वस्त आणि तरीही प्रामाणिक असे दोन मार्ग आहेत. ते पुढे सांगतो.

फिल्म कास्ट घेतली तरी काम अर्धेच झाले. रिव्हेटवर फिल्म आधी तशीच सपाट जाऊ द्यायची, ओढायची नाही. मग डोक्याभोवती बारीक सुईने दोन-तीन छिद्रे पाडायची, हीट गनने उष्णता द्यायची आणि गोल, राठ केसांच्या रिव्हेट ब्रशने बाहेरून आत फिरवत हवा काढत फिल्म बसवायची. खाचेतही हाच क्रम, फक्त ब्रशऐवजी नरम रोलर. हे सारे बसल्यावर जी पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते ती म्हणजे शेवटची उष्णता. खाचा आणि रिव्हेट यांवरची फिल्म पुन्हा एकदा साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापवावी लागते, म्हणजे वाकवताना तिच्यात आलेला ताण निघून जातो आणि तो नवा आकारच तिचा होतो. हाताला चटका बसला म्हणजे पुरेसे झाले असे समजणाऱ्या कारागिराकडून हे होत नाही, कारण हात ६० अंशांलाच मागे येतो. इन्फ्रारेड थर्मामीटर आता कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. काम देताना तो कारागिराकडे आहे का एवढेच विचारा. उत्तरावरून पुष्कळ कळते.

साबणपाण्याच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण आपल्या दुकानदाराने पाणी फवारून स्टिकर लावले असे आपण लिहिले आहे. सपाट काचेवर किंवा कापीव अक्षरांसाठी ही पद्धत सोयीची आहे. रिव्हेटच्या पत्र्यावर मात्र पाणी रिव्हेटच्या डोक्याखाली आणि सांध्यांत शिरते आणि पहिल्याच उन्हात वाफ होऊन फिल्म उचलते. शिवाय ज्या फिल्मच्या गोंदात हवा निघण्यासाठी सूक्ष्म नाल्या ठेवलेल्या असतात, त्यांत पाणी भरल्यावर त्या नाल्यांचा उपयोग संपतो. अशा कामात मी कोरडीच पद्धत वापरतो, आणि गाडी आदल्या दिवशी धुतलेली असेल तर प्रत्येक रिव्हेटची ओळ आधी हीट गनने वाळवून घेतो.

आता रंगाविषयी. दुकानदार रंगाला दोष देतो ते केवळ सबब म्हणून, असे समजू नका. मला ज्याचा संशय आहे ते कारण हेच. नव्या जीआय पत्र्यावर जस्ताचा थर असतो आणि साधा ऑइलपेंट थेट त्यावर दिला तर जस्त व रंगातील तेल यांची प्रक्रिया होऊन काही महिन्यांत रंगाची पकड सुटते. त्यासाठी आधी जस्ताला धरणारा प्रायमर लागतो, ज्याला पेंटवाले वॉश प्रायमर किंवा एच (etch) प्रायमर म्हणतात. फॅब्रिकेटरने तो दिला होता का, हे विचारा. दुसरे असे की हवेत वाळणारा रंग हाताला कोरडा लागला तरी आतून बरेच दिवस द्रावक सोडत असतो. भट्टीत वाळवलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाला थोडे दिवस पुरतात, पण साध्या एनॅमलला मी निदान तीन-चार आठवडे थांबायला सांगतो आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. आपण आठ दिवस थांबलात. त्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो स्टिकरखाली बारीक, सर्वत्र पसरलेले फुगे करतो. आपण फुग्यांचा उल्लेख केलेला नाही, म्हणून हे कारण दुय्यम असावे असे मला वाटते, पण कापलेल्या तुकड्यामागे रंगाचा पापुद्रा आला तर माझा अंदाज चुकला असे समजा आणि आधी फॅब्रिकेटरकडे जा. त्या पत्र्यावर जगातली कोणतीही फिल्म लावून उपयोग नाही.

पुढच्या वेळी याची चाचणी आधीच करता येते. व्हिनाइलची इंचभर रुंद, वीतभर लांब पट्टी पत्र्यावर घट्ट लावून एक दिवस ठेवा, मग हीट गनने चांगली तापवा. फुगे आले तर रंग अजून कच्चा आहे. थंड झाल्यावर झटक्यात ओढा. रंग सोबत आला तर उत्तर मिळाले. या एका पट्टीसाठी कोणी पैसे घेत नाही, तरी ती लावा म्हणणारे ग्राहक मला वर्षाकाठी दोन-तीनच भेटतात.

छपाईची बाजू आपण विचारलेली नाही, पण मी स्वतः तिथे पोळलो आहे म्हणून सांगतो. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका दूध व्यावसायिकाच्या व्हॅनचे काम उद्या सकाळी द्यायचे म्हणून आम्ही रात्री छापले, दोन तासांत लॅमिनेशन केले आणि पहाटे लावले. पंधरा दिवसांत गडद निळ्या भागाच्या साऱ्या कडा वळल्या. पांढरा भाग ठीक होता. इको-सॉल्व्हेंट शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातला द्रावक फिल्ममध्ये राहतो, आणि तो लॅमिनेशनखाली कोंडला की गोंदापर्यंत उतरून त्याला मऊ करतो. गडद रंगात शाई जास्त, म्हणून तिथे आधी कडा वळतात. ते काम मी पदरमोड करून पुन्हा केले. तेव्हापासून छापलेला माल सैल गुंडाळी करून, उभा ठेवून, पूर्ण एक दिवस आणि गडद असेल तर दोन दिवस उघडा ठेवल्याशिवाय मी लॅमिनेशनला घेत नाही. आपली खालची कड गडद रंगाची असेल तर याचाही विचार करा. लेटेक्स किंवा यूव्ही शाईत ही अडचण येत नाही, मात्र यूव्ही शाईचा थर ताणला की तडकू शकतो, म्हणून खोल खाचांसाठी ती मी टाळतो.

पत्रा पुसण्याबाबत फार लांबण लावत नाही. साबणपाण्याने धुणे, वाळवणे, मग दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल व एक भाग पाणी यांनी पुसणे आणि ओल हवेत उडण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घेणे. थिनर नको, तो कच्चा रंग उचलतो. खालची कड आणि मागच्या दाराचा भाग दोनदा पुसा. डिझेलचा धूर आणि चाकांनी उडवलेला चिखल तिथेच बसतो. डॅशबोर्डला लावायचे सिलिकॉन पॉलिश बॉडीवर कोणी मारले असेल तर आणखी कष्ट पडतील.

आता ते दोन स्वस्त मार्ग. पहिला असा की खाचा झाकूच नका. पॉलिमेरिक फिल्म वापरा, ती खाचांच्या काठावर कापून घ्या आणि ग्राफिक्स फक्त उंच, सपाट पट्ट्यांवर राहू द्या. खाचांना आधीच पार्श्वभूमीच्या रंगाचा पेंट मारून घेतला तर दहा फुटांवरून कोणाला कळतही नाही. मात्र डिझाइन करणाऱ्याने बॉडीची मापे स्वतः टेपने घेतली पाहिजेत, नाहीतर फोन नंबरातील नेमका एक आकडा खाचेत जातो. कापताना ब्लेड पत्र्यावर चालवू नका. ब्लेडची रेघ रंग कापते आणि पहिल्या पावसात तिथून गंज सुरू होतो. फिल्मखाली धाग्याची टेप लावून तो धागा ओढत फिल्म कापण्याची पद्धत आहे, ती वापरणारा कारागीर शोधा.

दुसरा मार्ग मला आपल्यासाठी अधिक पटतो. दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटर जाडीचा सपाट एसीपी पत्रा (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा गाभा असलेला) बॉडीवर बसवून घ्या आणि ग्राफिक्स त्यावर लावा. एसीपीची कड अर्धा इंच आत वळवता येत नसेल तर निदान फिल्म कडेच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबवा, आणि खालच्या बाजूने पाणी निघायला जागा ठेवा, नाहीतर दोन पत्र्यांच्या मध्ये गंज पोसला जाईल. जाहिरात बदलायची झाली तर पत्रा उतरवून टेबलावर काम करता येते. सपाट पृष्ठभागावर पॉलिमेरिक फिल्म निश्चिंतपणे चालते, आणि एसीपी धरूनही एकूण खर्च कास्टच्या कामाखाली राहतो.

मार्ग कोणताही घ्या, सांध्यांची दिशा पाहा. आपली बॉडी सात फूट लांब आणि पाच फूट उंच आहे, आणि छपाईचा रोल बहुधा ५४ इंची असतो, म्हणजे जोड येणारच. उभे दोन तुकडे घ्या, मागचा आधी लावा, पुढचा त्यावर अर्धा इंच चढवा. म्हणजे उघडी कड मागे तोंड करून राहते आणि वाऱ्याच्या तडाख्यात येत नाही. आडवा जोड टाळता येत नसेल तर वरचा तुकडा खालच्यावर, कौलांसारखा. दरवाजाच्या रबरावर, सिलिकॉन भरलेल्या सांध्यावर आणि न रंगवलेल्या प्लॅस्टिकवर फिल्म नेऊ नका. रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या लोंबत्या स्टिकरांची सुरुवात तिथूनच झालेली असते.

वेळेबद्दल: हे काम आता जूनच्या तोंडावर उरकून घेण्याचा मोह होईल. बंद शेड असेल तरच करा. मी आपल्या जागी असतो तर उचललेला भाग कापून पावसाळा काढला असता आणि ऑक्टोबरनंतर सकाळच्या वेळी, सावलीत काम घेतले असते. तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी पकडतो आणि फिल्म सरकवता येत नाही. लावल्यानंतर दोन दिवस गाडी धुऊ नका, कारण दाबाने चिकटणाऱ्या या गोंदाची पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. पुढेही सर्व्हिस स्टेशनवर पाण्याचा फवारा कडेपासून निदान फूटभर लांब आणि सरळ धरायला सांगा, तिरपा कडेखाली नको.

कायद्याच्या बाजूने दोनच सूचना करतो. बॉडीवरच्या परावर्तक पट्ट्या, म्हणजे पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल, ग्राफिक्सखाली झाकू नका. पासिंगला गाडी अडते आणि रात्री त्यापेक्षा वाईट होऊ शकते. इकोच्या काचांवरही फिल्म नेऊ नका; २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केल्यापासून रस्त्यावर हा वाद नको असतो. गाडीचा मूळ रंगच दिसेनासा होईल असे पूर्ण रॅप करणार असाल, किंवा आपल्या मालाशिवाय दुसऱ्या कोणाची जाहिरात घेणार असाल, तर आधी आरटीओत विचारून घ्या.

दुकानदाराशी बोलताना तुकडे सोबत न्या. बिलावर फिल्मची कंपनीच नव्हे तर मालिका, लॅमिनेशनचा प्रकार आणि छपाईची तारीख लिहून मागा. कंपनीच्या पत्रकात जी वर्षे लिहिलेली असतात ती बहुधा उभ्या पृष्ठभागाची आणि थंड हवामानाची असतात, म्हणून आपल्याकडच्या उन्हासाठी त्यांत काटछाट धरा आणि टपावर लावणार असाल तर आणखी मोठी.

इकोला सध्या हात लावू नका. पण तिच्या कडेने ती काळी रेघ सापडली, तर पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्याअखेर ते स्टिकर शाबूत दिसत असले तरी काढून घ्या. मोनोमेरिक फिल्म दोन-अडीच वर्षे उन्हात राहिली की ठिसूळ होते आणि मग ती नखाएवढ्या तुकड्यांनी निघते. लावायला दोन तास लागलेले स्टिकर काढायला आमची दोन माणसे अख्खा दिवस बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्या मजुरीत नवे स्टिकर आले असते.